नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर 13,100 किलोमीटर, मग घरी पोहोचायला अख्खा दिवस का लागतो?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आणि आईवडील धरमपेठेत नाहीतर मनीषनगरात, अशी घरं नागपुरात आता काही कमी नाहीत. अपरात्री फोन जातो आणि पहिला प्रश्न हाच असतो : आत्ता निघालास तर पोहोचशील कधी?

गुगल सांगतं, अंतर सुमारे 13,100 किलोमीटर. मोठं विमान ताशी साधारण 900 किलोमीटरने उडतं. भागाकार केला की साडेचौदा तास. पण एवढ्यात कुणीही पोहोचत नाही.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावर ताणून धरलेल्या दोऱ्याचं आहे. घरातल्या गोलावर दोरा लावून बघा. तो पश्चिमेला जातच नाही, सरळ उत्तरेकडे चीन आणि सायबेरियावरून वर चढतो. म्हणूनच या प्रवासात दिल्ली जवळजवळ वाटेवर येते. दिल्लीमार्गे अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटरने वाढतं. दोहामार्गे मात्र ते सुमारे 15,800 किलोमीटर होतं, म्हणजे हवेतलेच तीन तास जास्त.

नागपूरहून थेट विमान नाही. गंमत म्हणजे एवढा पल्ला गाठणारी बोइंग विमानं मिहानमध्ये येतात, पण दुरुस्तीला!

विमानही दोऱ्यावरून जात नाही. वारा आणि कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे, यावर रस्ता ठरतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे 1,400 किलोमीटरने लांबली, तरी साडेचौदा तासांत विमान उतरलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि पाठीवर वारा मिळाला. उलट, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा अमेरिकेच्या काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं.

आता त्या फोनकडे येऊ. समजा, मुलाला सोमवारी सकाळी 10 चं थेट दिल्लीचं विमान मिळालं. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं (हिवाळ्यात साडेतेरा), म्हणजे आपल्याकडे तेव्हा सोमवारची रात्र, साडेदहा. सोळा तास उड्डाण धरलं तर तो मंगळवारी दुपारी अडीचला दिल्लीत उतरेल. तिथे इमिग्रेशन, सामान ताब्यात घेणं, कस्टम्स, पुन्हा सामान देणं. चार तास तरी हाताशी हवेत. नागपूरचं विमान पावणेदोन तासांचं, म्हणजे रात्री सव्वाआठच्या सुमारास सोनेगाव. एकूण पावणेबावीस तास, तेही सगळं जुळून आलं तर. दिल्लीचं विमान उशिरा उतरलं आणि संध्याकाळचं नागपूर विमान चुकलं, तर रात्र दिल्लीतच.

त्यामुळे लांब असूनही दोहाची वाट अनेकांना सोयीची वाटते. इमिग्रेशन आणि सामान, दोन्ही थेट नागपुरात. पण दोहा-नागपूर विमान दिवसभर मिळत नाही. ते किती वाजता आहे आणि त्या दिवशी आहे का, हे आधी बघा.

आणि तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका. दोन्ही त्या त्या गावच्या घड्याळातल्या असतात. एकूण प्रवासाचे तास वेगळे छापलेले असतात, तेच वाचा.