वहीतले गिऱ्हाईक संगणकात

आपल्या भाषेने वयाला आणि चष्म्याला एकच शब्द दिला आहे: चाळिशी. ती लागली की माणूस पेठेतल्या चष्म्याच्या दुकानाची पायरी चढतो आणि बहुधा पुढे आयुष्यभर तीच पायरी चढत राहतो. वर्ष-दोन वर्षांनी नंबर बदलतो, काडी मोडते, काचेवर चरे पडतात. मग मुलांचे चष्मे, आजोबांचा मोतीबिंदूनंतरचा चष्मा, असे करता करता अख्खे घर त्या दुकानाचे होते. या नात्याचा लेखी पुरावा एकच असतो. गल्ल्याशेजारची जाड वही, नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात आडनावांप्रमाणे लावलेली कार्डे.

ही वही आता संगणकात चालली आहे. दुकानात मुलगा किंवा सून लक्ष घालू लागली की वर्षभरात विषय निघतोच. "बाबा, आता हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊया." गिऱ्हाइकांची नोंद ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरला धंद्याच्या भाषेत 'सीआरएम' म्हणतात. अमेरिकेत १९९३ साली सुरू झालेल्या सीबेल कंपनीने ते बड्या उद्योगांना विकले. १९९९ मध्ये सेल्सफोर्स निघाली आणि सॉफ्टवेअर विकत न घेता इंटरनेटवरून भाड्याने वापरण्याची रीत रुळली. चेन्नईच्या झोहोने २००५ मध्ये आपले सीआरएम आणले. आज दोन माणसांच्या दुकानालाही ही सोय परवडते. तेव्हा घ्यावे की नाही, हा वाद फारसा उरलेला नाही. प्रश्न आहे तो वहीतून संगणकात जाताना वाटेत काय सांडते याचा.

उणे कुठे गेले?

चष्म्याच्या कार्डावरचे आकडे पाहा. उजवा डोळा, डावा डोळा, प्रत्येकाचा नंबर, तिरकस नंबर असेल तर तो आणि त्याचा शून्य ते १८० अंशांमधला कोन. लांबचे दिसत नसेल तर नंबर उणे, जवळचे दिसत नसेल तर बहुधा अधिक. टंकलेखकाच्या हातून एक आडवी रेघ सुटली तर उणे दोनचा अधिक दोन होतो. दोन रकाने उलटे लागले तर उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला जातो. संगणक तक्रार करत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे सारखेच शहाणे!

तारखांचे तसेच. आपण ०३/०४ लिहितो ते ३ एप्रिल. सॉफ्टवेअर अमेरिकी पद्धतीवर लावलेले असेल, तर ते ४ मार्च वाचते. गंमत अशी की तेरापासून पुढच्या तारखा अडतात, त्यामुळे चूक कळते. बारापर्यंतच्या मात्र निमूटपणे उलटतात. ९१ लावलेले मोबाइल नंबर तक्त्यात भरले की त्यांचे '९.१९ई+११' असे चमत्कारिक रूप दिसू लागते.

ज्यांनी पूर्वीच संगणकावर मराठीत याद्या केल्या, त्यांची अडचण आणखी वेगळी. श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडवर चालणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की 'कुलकर्णी' ओळखू येत नाहीत. समोर दिसतात ती चिन्हे आणि रोमन अक्षरे. तो मजकूर आधी बदलून घ्यावा लागतो आणि जोडाक्षरे, रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

काकांना विचारा

पण सर्वांत नाजूक भाग कागदावर नसतोच. वहीत 'पाटील, शाळेजवळचे' एवढेच असते. कोणते पाटील, हे वीस वर्षे काउंटरवर उभ्या असलेल्या काकांना ठाऊक. कोणाचे पैसे पगाराला येतात, कोणाच्या नाकाला जड फ्रेम टोचते, हेही त्यांनाच. शिवाय घरातल्या चौघांचा मोबाइल एकच. सॉफ्टवेअर नंबरावरून माणूस ओळखत असेल तर चौघांचा एक होतो. नावावरून ओळखत असेल तर 'सुनीता', 'सुनिता' आणि 'सौ. देशपांडे' अशा एकाच बाईच्या तीन होतात.

आणि एक दिवस आपोआप संदेश जातो: 'आजोबा, डोळे तपासण्याची वेळ झाली.' आजोबांना जाऊन सहा महिने झालेले असतात आणि फोन आजींच्या हातात असतो. काकांनी असा निरोप कधीच पाठवला नसता. म्हणून नोंदी भरणारा मुलगा आणि काका यांना शेजारी-शेजारी बसवणे हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा खर्च समजावा. काकांनाही त्यात मान वाटला पाहिजे. आपली गरज संपली असे त्यांना वाटले, तर निम्मी वही त्यांच्याबरोबर घरी जाईल.

मुहूर्ताचेही भान हवे. वहीपूजन लक्ष्मीपूजनाला होते म्हणून बदलही तेव्हाच करू नये. दिवाळीच्या गर्दीत नवे यंत्र शिकता येत नाही. त्यापेक्षा एखादा शांत महिना निवडावा. आधी पन्नासच गिऱ्हाइके चढवावीत, कार्डाशी एकेक आकडा ताडून पाहावा, मग बाकीची. महिनाभर वही आणि संगणक दोन्ही चालू द्यावेत. आणि पैसे भरण्यापूर्वी विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: उद्या आम्ही सोडायचे ठरवले, तर आमची सगळी यादी साध्या तक्त्यात परत मिळेल का? उत्तर गुळमुळीत आले तर उठावे.

यादीत नेमके काय न्यायचे, हाही विचार हवाच. संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर केला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हे त्यामागचे सूत्र. तसे ते आपल्या पेठेला नवे नाही. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी न सांगणारा दुकानदारच तिथे टिकला. वही कुलपात असायची. यादी मात्र एका बोटाच्या दाबाने कोठेही जाऊ शकते. तेव्हा ती कोण पाहील, कोण काढून नेईल, हे मालकाने पहिल्याच दिवशी ठरवावे.

एवढे सांभाळले तर संगणक वहीपेक्षा सरसच. तो पावसात भिजत नाही, वाळवी त्याला लागत नाही, आणि मोडलेल्या चष्म्याचा नंबर तो क्षणात शोधून देतो. मात्र वहीची जुनी पाने रद्दीत घालण्याची घाई नको. कोणी म्हणालेच, "नव्या चष्म्यातून नीट दिसत नाही," तर पहिले पान तिचेच उघडावे लागेल.