वेगळ्या चुलीचा मान

बारवी धरणाचं पाणी जांभूळला शुद्ध होऊन उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीच्या नळांना येतं. ते कुणाच्या हातचं, असं आज कुणी विचारत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावर संसार मोडत. लहानपणी शेजारच्या कल्याणात शिकलेल्या कवी नारायण वामन टिळकांचाही मोडायला आला होता. ख्रिस्ती माणसानं क्षमा जगायची म्हणजे रोज काय करायचं, हे समजायला मला त्या घराइतकं चांगलं ठिकाण ठाऊक नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बातमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर वीज पडावी तशी कोसळली. जलालपूरला त्यांच्या माहेरी वडिलांच्या सोवळ्यापुढं कुणाचं काही चालत नसे; त्या वळणात वाढलेली ही बाई. नवरा जिवंत असून दुरावला. मुलाला घेऊन त्या पंढरपूरला नातलगांत राहिल्या. दुराव्याची ही वर्षं पत्रांत, रडण्यात, रुसव्यात गेली.

पुढं त्या नगरला आल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, नवऱ्याजवळ राहायला. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. धर्मप्रचार हेच ज्याचं काम, त्या माणसानं घरातलं हे सोवळं चालू दिलं, बायकोवर आपला धर्म लादला नाही. मला यात टिळकांची श्रद्धा त्यांच्या प्रवचनांपेक्षा जास्त दिसते. आणि लक्ष्मीबाईंनीही त्यांचं मत पटण्याआधी त्यांना पत्करलं.

क्षमा सत्तरदा सात वेळा करावी, हे शुभवर्तमानातलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं. पण येशू विहिरीवर शोमरोनी स्त्रीकडं पाणी मागतो, तो प्रसंग मला अधिक जवळचा वाटतो. यहुदी ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्यातल्या एका बाईपुढं तो आधी स्वतःची तहान ठेवतो, उपदेश नंतर.

क्षमा करायची म्हणजे झालेलं पुसून टाकायचं, असंही नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी टिळकांचा संताप, लहरीपणा, हाती आलेला पैसा वाटून टाकणं, काहीही लपवलेलं नाही. दुखलं ते लिहिलं आणि त्याच पानांवर मायाही लिहिली.

जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानं उमगलं. मग त्या कुणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं याच घरात बालकवी ठोंबरे पोरासारखे राहिले, आणि हिंदूच राहिले.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत.