मुलांचा क्षयरोग : हिंगण्यातल्या पालकांसाठी

केव्हा दाखवावं? दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला, घटणारं वा न वाढणारं वजन, मानेत गाठ. घरात कुणाला क्षय असेल, तर लक्षणांची वाट न पाहता.

कुठे? जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, डिगडोहचं लता मंगेशकर रुग्णालय, नागपूरचं मेडिकल. सरकारी केंद्रात तपासणी व औषधं मोफत. खासगी डॉक्टरांनाही २०१२पासून रुग्णाची नोंद बंधनकारक.

तपासणीसाठी बेडका निघत नाही? लहान मुलं तो गिळून टाकतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी, नाकातून नळी घालून जठरातला द्राव घेतात. पालकांना भीती वाटते, पण निदानाची ही एक वाट असते.

उपचार : सहसा ६ महिने, मेंदूच्या वा हाडांच्या क्षयात जास्त. ताप उतरला तरी गोळ्या चालूच.

पोषण : निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४पासून दरमहा १,००० रुपये; आधी ५००.