मशीन ३७.६ दाखवत होतं, मग पिल्लं का निघाली नाहीत?

ताईंनो, मागच्या महिन्यात एका गटाने उबवणी मशीनमध्ये ५० गावठी अंडी ठेवली. २१ व्या दिवशी एकाही अंड्याला टवका गेला नाही. २३ व्या दिवशी कशीबशी ११ पिल्लं निघाली, तीही लुळी. अंडी अंतर्गत कर्जातून घेतलेली. सभेत सगळ्यांचा रोख ज्यांच्या घरी मशीन होतं त्या ताईंवर. "रात्री बटण बंद केलं असणार!" त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मॅडम, मशीन तर सारखं ३७.६ दाखवत होतं."

त्या खरंच बोलत होत्या. आकडाच खोटा होता. तो कसा, हे मलाही गटातल्या एका ताईंच्या आयटीआय शिकणाऱ्या मुलाकडून कळलं.

पंख्याच्या मशीनमध्ये कोंबडीच्या अंड्याला ३७.५ अंश ऊब लागते. या मशीनमध्ये ऊब ओळखायला एलएम-३५ नावाचा छोटा सेन्सर आहे. तो दर अंशाला १० मिलिव्होल्ट इतका विजेचा दाब देतो. म्हणजे ३७.५ अंशाला ३७५ मिलिव्होल्ट, अर्ध्या व्होल्टपेक्षाही कमी. पण आत जो आर्डुइनो उनो बोर्ड आहे त्याला दाब समजत नाही, आकडा समजतो. म्हणून त्याची चिप आधी दाबाचं वजन करते. यालाच अॅनालॉग टू डिजिटल म्हणतात.

बाजारातला तराजू डोळ्यांसमोर आणा. चिपकडे १० वजनं आहेत. सगळ्यात मोठं ५१२ चं, मग २५६, १२८, ६४, असं निम्मं निम्मं होत शेवटी १ चं. आधी मोठं ठेवायचं, जड झालं तर काढायचं, मग पुढचं ठेवायचं. दहा वेळा केलं की ० ते १०२३ मधला आकडा मिळतो. सगळ्यात लहान वजन किती? ५ व्होल्टचे १०२४ भाग केले की एक भाग, साधारण ४.८८ मिलिव्होल्ट. म्हणजे जवळजवळ अर्धा अंश! त्याहून कमी उरलेलं चिप सोडून देते. त्यामुळे या मशीनला ३७.५ दाखवताच येत नाही. ३७.१ नाहीतर ३७.६.

आता खरी गोम. ही वजनं बोर्डाला मिळणाऱ्या ५ व्होल्टवरून ठरतात. आपल्या मशीनला जोडला होता जुना मोबाइल चार्जर आणि लांबलचक वायर. मुलाने मीटर लावला तर बोर्डावर ४.८ व्होल्टच. म्हणजे दहाही वजनं झिजलेली. झिजल्या वजनाने कांदे तोलले तर दोन किलोचे सव्वादोन भरतात ना, तसंच. चिप ७७ मोजून ३७.६ दाखवायची आणि बल्ब बंद करायची. आत असायचे सव्वाछत्तीसच्या आसपास. अंश-दीड अंश ऐकायला काहीच नाही, पण तीन आठवडे रात्रंदिवस कमी पडलं की पिल्लू उशिरा आणि अशक्त निघतं.

उपाय सोपा निघाला. चिपमध्ये स्वतःचं १.१ व्होल्टचं माप असतं, ते चार्जरवर अवलंबून नसतं. प्रोग्रॅममध्ये ते लावलं आणि हिशेबाचा आकडा बदलला. आता सगळ्यात लहान वजन साधारण ०.१ अंशाचं झालं. मात्र हे १.१ प्रत्येक चिपमध्ये थोडं कमीजास्त असतं, म्हणून एकदा चांगल्या थर्मामीटरशी जुळवून घ्यावं लागतं. आपण ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर, सेन्सरशेजारी ठेवला. त्यावर ९९.५ फॅरेनहाइट आलं की ३७.५ समजायचं.

तुमच्या गटात असं मशीन असेल तर अंडी भरायच्या आधी एक दिवस रिकामं चालवून हे करून बघा. चार्जर नवा, वायर आखूड.

गटाने पुन्हा ३० अंडी भरलीत, मशीन त्याच ताईंकडे. झाकणावर कागद चिकटवलाय, सकाळ-संध्याकाळ दोन रकाने: मशीनचा आकडा, थर्मामीटरचा आकडा. आज १२ वा दिवस. बॅटरी लावून पाहिली तर २६ अंड्यांत शिरा दिसतायत.