ट्रेकच्या स्टील मगाला झाकण: विकत घ्यायचं की घरी बनवायचं?

पावसाळा ओसरला की सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकचा सीझन सुरू होतो. सॅकमध्ये छोटा गॅस स्टोव्ह, त्याचा कॅन आणि एक स्टीलचा मग. त्याच मगात पाणी उकळायचं, चहा करायचा आणि मॅगीही शिजवायची. मग सहज मिळतो, पण त्याच्यासोबत झाकण बहुतेक वेळा नसतं आणि 'झाकणाशिवाय काय अडतंय' असं म्हणून आपण ते सोडून देतो.

मी मात्र ट्रेकला निघताना झाकण आठवणीने घेतो. ते कशासाठी लागतं, कोणतं घ्यायचं आणि घरच्या घरी कसं बनवायचं, हे आज सोप्या भाषेत पाहूया.

झाकणाने नेमकं होतं काय?

पाणी तापायला लागलं की त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ती भरपूर उष्णता सोबत घेऊन जाते. थोडा हिशेब करू. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.२६ किलोज्यूल उष्णता लागते. समजा, उघड्या मगातून १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन चमचे पाणी उडून गेलं. तेवढ्यात साडेबावीस किलोज्यूलच्या आसपास उष्णता हवेत गेली. याच उष्णतेने ५०० मिली पाणी जवळपास ११ अंशांनी तापलं असतं! गडावर वारा असतो, त्यामुळे हे नुकसान आणखी वाढतं.

झाकण असलं की वाफ त्यावर आदळते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते थेंब मगातच पडतात. गॅस वाचतो, वेळ वाचतो आणि चहात कचराही पडत नाही.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. सारखंच पाणी, सारखीच आच. एकदा झाकण ठेवून आणि एकदा न ठेवता उकळी येईपर्यंत फोनवर स्टॉपवॉच लावा. दुसऱ्या वेळी सुरुवात करण्याआधी मग थंड होऊ द्या, नाहीतर तुलना चुकेल.

प्रश्न फक्त चहाचा नाही

गडावर आपण अनेकदा टाक्यातलं पाणी पितो. ते दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात जंतू असू शकतात. असं पाणी प्यायचं असेल तर ते खदखदून उकळल्यावर किमान १ मिनिट तसंच उकळत ठेवायचं. २,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर ३ मिनिटं सांगितली जातात, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. आपल्याकडचं सर्वात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तिथे पाणी साधारण ९५ अंशांना उकळतं, त्यामुळे १ मिनिट पुरे.

गॅस संपत आला की लोक काय करतात? तळाला बुडबुडे दिसले की मग खाली उतरवतात. खरी उकळी त्यानंतर येते. झाकणामुळे तिथपर्यंत पोचायला कमी गॅस लागतो आणि पाणी अर्धवट तापवून पिण्याची वेळ येत नाही.

आधी मग ओळखा

झाकण शोधण्याआधी मग एकेरी पत्र्याचा आहे की दुहेरी, ते बघा. दुहेरी मगात दोन भिंतींच्या मध्ये बंद पोकळी असते. गरम पेय ओतलं तरी तो बाहेरून फारसा तापत नाही. असा मग कधीही आचेवर ठेवायचा नाही. आतली कोंडलेली हवा तापून फुगते आणि मग फुटू शकतो. अशा मगाला फक्त चहा गरम ठेवण्यापुरतं झाकण हवं, तिथे सिलिकॉनचं किंवा प्लॅस्टिकचंही चालेल.

एकेरी मग आचेवर जाणार असेल तर झाकण धातूचंच हवं. मगाच्या बाजूने ज्वाळा वर चढते आणि कड खूप तापते. प्लॅस्टिक तिथे मऊ होऊन वितळू शकतं. सिलिकॉन उकळत्या पाण्याची वाफ आरामात सहन करतं, पण थेट ज्वाळेत तेही जळतं.

माप कसं घ्यायचं?

फोनमधल्या माप घेणाऱ्या ॲपवर इथे अवलंबून राहू नका. खोली मोजायला ते ठीक आहे, पण आपल्याला मिलिमीटरचा हिशेब हवाय. दोन साधे उपाय:

१. मगाच्या तोंडावर पट्टी आडवी ठेवून सर्वात रुंद जागी माप घ्या.
२. तोंडाभोवती दोरा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा २८३ मिमी भरला तर बाहेरचा व्यास ९० मिमी.

झाकण आत बसणारं असेल तर आतला व्यास लागतो, वरून टोपीसारखं बसणारं असेल तर बाहेरचा. कड वळवलेली असेल तर या दोन मापांत चांगलाच फरक पडतो, म्हणून दोन्ही लिहून ठेवा. पट्टी तोंडावर ठेवून वरून एक फोटोही काढा. दुकानात दाखवायला उपयोगी पडतो.

विकत घ्यायचं असेल तर

मगाच्या कंपनीचंच वेगळं झाकण मिळत असेल तर ते सर्वात सोपं. ऑनलाइन बघताना नुसतं '५०० मिली मगासाठी' यावर जाऊ नका. ५०० मिलीचे मग उंच आणि अरुंदही असतात, बुटके आणि रुंदही. व्यास मिमीमध्ये दिलेला आहे का, वाफेला छिद्र आहे का, मूठ कशाची आहे आणि वस्तू परत करता येते का, एवढं तपासा.

माझा सल्ला मात्र असा की आधी भांड्यांच्या दुकानात जा. पुण्यात तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर, नाहीतर तुमच्या गावातली भांड्यांची बाजारपेठ. तिथे मग सोबत न्या आणि छोट्या टोपांची, डब्यांची झाकणं, लहान ताटल्या थेट बसवून बघा. मगाच्या तोंडापेक्षा थोडी मोठी, किंचित खोलगट स्टीलची ताटली उपडी घातली की झाकण तयार. तिला एक छिद्र पाडून घ्या. घरी ड्रिल असेल तर ताटली लाकडावर घट्ट दाबून बसवा, ड्रिल हळू फिरवा आणि तेलाचा थेंब टाका. वेगात फिरवलं तर स्टील त्या जागी आणखी कडक होतं आणि ड्रिलची धार जाते. छिद्राची कड शेवटी कानशीने घासून घ्या.

घरी बनवायचं असेल तर

हॉटेलच्या पार्सलचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो ना, त्याच्या तळापासून हलकं झाकण बनतं. फॉईलच्या कागदापेक्षा तो जाड असतो.

१. डबा धुऊन त्याचा सपाट तळ कापून घ्या.
२. त्यावर मग उपडा ठेवून मार्करने गोल आखा. त्याच्या बाहेर १५ मिमी अंतरावर दुसरा गोल काढा.
३. बाहेरच्या गोलावर कात्रीने कापा. कड धारदार असते, जाड हातमोजे घाला.
४. कडेची ५ मिमी पट्टी आत दुमडून दाबा. आता हाताला कापणार नाही.
५. झाकण मगावर ठेवून उरलेली कड चमच्याच्या पाठीने खाली वळवा. हँडल कडेला लागून असेल तर तिथे खाच ठेवा.
६. हँडलच्या विरुद्ध बाजूला खिळ्याने ३-४ मिमीचं छिद्र पाडा, म्हणजे वाफ हातावर येणार नाही.
७. मध्यभागी दोन बारीक छिद्रं पाडून त्यातून स्टीलच्या तारेचा छोटा कडा ओवा. उचलायला सोपं जातं.

हे झाकण इतकं हलकं असतं की वाऱ्याने उडतं. वर एक छोटा दगड ठेवला की काम झालं. दोन-चार ट्रेकनंतर चेपलं तर नवीन बनवा.

हे मात्र टाळा

• घट्ट बसणारं झाकण आचेवर नको. १ मिली पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. तिला वाट मिळाली नाही तर झाकण उडेल आणि उकळतं पाणी अंगावर येईल.
• छपराचा पत्रा नको. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. अन्नाच्या वाफेजवळ आणि आचेजवळ तो वापरू नये.
• कोल्ड्रिंकचा कॅन कापून वापरू नका. त्याच्या आतल्या बाजूला पातळ थर दिलेला असतो. तो आचेसाठी बनवलेला नाही.
• दुधाचा चहा झाकण ठेवून सोडून जाऊ नका. दूध फसफसून वर येतं. झाकण ठेवून नुसतं पाणी उकळा आणि दूध घातल्यावर झाकण काढा.

उघडताना झाकण सांडशीने धरा आणि तुमच्यापासून लांबची कड आधी उचला, म्हणजे पहिली वाफ पलीकडे जाईल. वाफेचा चटका गरम पाण्यापेक्षाही वाईट असू शकतो आणि गडावर दवाखाना जवळ नसतो.

पुढचा ट्रेक ठरला असेल तर झाकण आदल्या रात्री नाही, चार दिवस आधी बनवा. घरच्या गॅसवर मंद आचेवर एकदा पाणी उकळून बघा. नीट बसतंय, वाफ छिद्रातून जातेय आणि उचलताना हाताला चटका लागत नाहीये, हे तपासलं की ते मगातच ठेवून मग सॅकमध्ये टाका.