बोलता येईल इतकंच पळा

पळायला सुरुवात करून महिन्याभरात सोडून देणाऱ्याला कारण विचारलं, की बहुतेकदा एकच उत्तर येतं : ‘आपल्यात तेवढा दम नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही. असा माणूस पहिल्याच सकाळी शाळेच्या शर्यतीत पळावं तसा सुटतो, तीन-चारशे मीटरवर धापा टाकत थांबतो आणि ती धाप म्हणजे आपल्या लायकीचा निकालच, असं समजून घरी परततो. चूक वेगाची असते, दोष मात्र तो स्वतःच्या शरीराला देतो. नव्याने पळणाऱ्याने पहिले तीन महिने शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतकंच हळू पळावं आणि बोलणं तुटू लागलं की बिनदिक्कत चालावं, असं माझं ठाम मत आहे. नवख्यांना दिलेली ही सवलत नव्हे. दम याच रीतीने वाढतो आणि आत्मविश्वासही याच वाटेने येतो.

ही रीत आली न्यूझीलंडमधून, आणि तीही ऑलिंपिक विजेते घडवणाऱ्या माणसाकडून. आर्थर लिडियार्ड यांच्या पीटर स्नेल आणि मरे हालबर्ग या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं जिंकली. स्नेलची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपणारी, तरी लिडियार्ड त्याला आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास पळायला लावत. आधी दम, मग वेग, हा त्यांचा क्रम. हाच क्रम त्यांनी १९६२ मध्ये ऑकलंडच्या मध्यमवयीन, सुटलेल्या पोटाच्या सामान्य माणसांना लावला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले आणि या मंडळींबरोबर पळाले. पन्नाशीच्या बॉवरमनना सत्तरी ओलांडलेल्या, हृदयविकार होऊन गेलेल्या एका गृहस्थाने मागे टाकलं! परतल्यावर बॉवरमननी युजीन शहरात सामान्यांसाठी जॉगिंगचे वर्ग सुरू केले आणि पुढे एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर त्यावर पुस्तकही लिहिलं. जगभरच्या जॉगिंगच्या लाटेत या वर्गांचा आणि पुस्तकाचा मोठा वाटा आहे.

हळू पळून दम कसा वाढतो, हे कळायला शरीरात काय घडतं ते पाहायला हवं. नियमित पळायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. पुढच्या काही आठवड्यांत स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढतात आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. या बदलांसाठी जीव तोडून पळावं लागत नाही, पळत राहावं लागतं. आणि धाप लागलेला माणूस पाच मिनिटांत थांबतो, तर बोलत पळणारा अर्धा तास टिकतो. हाडं आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे टेंडन मात्र सावकाश बदलतात. ताण पडला की हाडाचा जुना भाग आधी काढला जातो आणि मग नवा भरला जातो. या एका फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. म्हणजे पाचव्या-सहाव्या आठवड्यात छाती ‘आणखी पळ’ म्हणत असते, पण नडगी आणि टाच त्याला अजून तयार नसतात. नवखा माणूस नेमका तेव्हाच हुरळून जातो. वेग काबूत ठेवण्याची खरी गरज पहिल्या दिवसापेक्षाही या टप्प्यावर जास्त असते.

यावर कोणी म्हणेल, की मग दर आठवड्याला दहा टक्क्यांनी अंतर वाढवण्याचा प्रसिद्ध नियम पाळला की झालं. पुरावा तितका सरळ नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये सुमारे पाचशे नवख्यांच्या दोन गटांची तुलना केली. एकाने १३ आठवडे हा नियम पाळला, दुसऱ्याने आठ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम. दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. उलट २०१४ च्या एका अभ्यासात दोन आठवड्यांत तीस टक्क्यांहून जास्त अंतर वाढवणाऱ्यांना गुडघा आणि नडगीच्या काही तक्रारी जास्त आढळल्या. मला यातून दिसतं ते असं, की दहाच्या आकड्यात जादू नाही, एकदम मारलेली उडी मात्र महागात पडते. ‘गुडघे झिजतील’ ही आणखी एक जुनी भीती. गुडघा आणि खुब्याच्या संधिवाताबद्दलचे अनेक अभ्यास २०१७ मध्ये एकत्र तपासले गेले, तेव्हा हौशी पळणाऱ्यांत त्याचं प्रमाण ३.५ टक्के, न पळणाऱ्यांत १०.२ आणि स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के निघालं. सडपातळ, निरोगी माणसंच पळण्याकडे वळत असतील, ही शंका रास्त आहे. तरीही बेताने पळणं गुडघ्याला मारक आहे, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

वजनदार आक्षेप वेगळाच आहे : थोड्या वेळात जोरात पळून दम जास्त झपाट्याने वाढतो. हे खरं आहे, पण पळणं चालू ठेवणाऱ्यांपुरतं; आणि चालू ठेवायला आधी विश्वास लागतो. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास येण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे ते काम स्वतः पार पाडल्याचा अनुभव. कौतुक आणि समजावणी त्यानंतर. ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम याच कारणाने मला शहाणपणाचा वाटतो. पहिल्या आठवड्यात साठ सेकंद पळायचं, नव्वद सेकंद चालायचं, आलटून पालटून वीस मिनिटं. काम ठरलेलं असतं आणि ते पुरं होतं. मध्ये चालायला लागलो तर बघणारे हसतील, हा संकोच अनेकांना रस्त्यावरून घरी पाठवतो. त्यांनी लक्षात ठेवावं, की चालणं आधीच कार्यक्रमात लिहिलेलं असेल तर त्यात हार कसली?

आपल्या हवेत तर बोलण्याची कसोटी मनगटावरच्या घड्याळापेक्षा भरवशाची. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट सकाळी घाम वाळत नाही, शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं आणि तोच वेग हृदयाला जड जातो. अशा दिवशी वाक्यं लवकर तुटतात आणि वेग आपोआप उतरतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावं. मुंबई मॅरेथॉनमधली सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन किंवा गावातली पाच किलोमीटरची दौड डोळ्यांसमोर जरूर ठेवावी, पण तिच्याआधी आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस विश्रांती घेत, निदान नऊ-दहा आठवडे पळणं झालेलं असावं.