अनेक टीमची प्रगती मोजताना

अजाइल पद्धतीत सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत तयार होते. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्ड येथे १७ जणांनी या पद्धतीचा जाहीरनामा तयार केला. चालणारे सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप, असे त्यासोबतच्या १२ तत्त्वांपैकी एक तत्त्व सांगते. एका टीमपुरते हे माप पुरते. एकाच उत्पादनावर आठ-दहा टीम राबू लागल्या, की काम कुठवर आले हे सांगणे कठीण होते.

स्क्रम या अजाइल चौकटीत टीम जास्तीत जास्त महिनाभराच्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करते. कामाचा आकार बहुधा स्टोरी पॉइंटमध्ये ठरवतात. स्प्रिंटमध्ये पूर्ण झालेल्या पॉइंटची बेरीज म्हणजे टीमची व्हेलॉसिटी. हे पॉइंट सापेक्ष असतात. प्रत्येक टीम ओळखीचे एखादे काम प्रमाण धरून बाकीची कामे त्याच्याशी ताडते. एका टीमने ३ पॉइंट दिलेल्या कामाला दुसरी ८ देईल आणि दोन्ही अंदाज आपापल्या जागी बरोबर असतील. त्यामुळे ४० व्हेलॉसिटीची टीम २० च्या टीमपेक्षा दुप्पट कामाची ठरत नाही. सगळ्या टीमच्या पॉइंटची एकत्र बेरीजही फसवी असते. व्हेलॉसिटीची तुलना करायची ती त्याच टीमच्या मागच्या स्प्रिंटशी.

दिवस मात्र सगळ्यांचे सारखेच असतात. काम हाती घेतल्यापासून ते पूर्ण होईपर्यंतचा काळ, म्हणजे सायकल टाइम, म्हणूनच उपयोगी पडतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर व्यवस्थेत हातातील कामांची सरासरी संख्या म्हणजे काम संपण्याचा दर गुणिले सरासरी काळ. आठवड्याला ५ कामे संपवणाऱ्या टीमच्या हाती २० कामे असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी ४ आठवडे लागतात. दर टिकवून हातातील कामे १० वर आणली, की २ आठवडे पुरतात.

संपूर्ण उत्पादनाचे चित्र बर्न-अप आलेखात दिसते. त्यातील एक रेषा एकूण कामाची, दुसरी पूर्ण झालेल्या कामाची. पहिली रेषा वर सरकली, तर उशिराचे कारण वाढलेल्या मागण्यांत आहे हे लगेच कळते. त्यासाठी ‘पूर्ण’ कशाला म्हणायचे यावर सर्व टीमचे एकमत हवे. स्क्रमचे नियम सांगणारी स्क्रम गाइडही एका उत्पादनावरील टीमसाठी हीच अट घालते. सर्व टीमचे काम जोडून, तपासून झाल्याशिवाय ते पूर्ण धरू नये.

एखादे माप लक्ष्य बनले, की ते चांगले माप राहत नाही. चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या विचाराचे हे प्रचलित रूप. व्हेलॉसिटीवर टीमची क्रमवारी लावली, तर पॉइंट फुगतात, काम तेवढेच राहते. आकडे टीमने स्वतःच्या सुधारणेसाठी वापरावेत. व्यवस्थापनाने त्यांतून अडथळे शोधून ते दूर करावेत.